दुपारची राखण

बाथरूममध्ये पाय घसरून माझं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवायचे. नवरा गेल्यापासून उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये एकटीच राहत होते. वरचा मजला, लिफ्ट नाही. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला आणि डॉक्टरांनी बजावलं, दोन-अडीच महिने पायावर भार टाकायचा नाही. मुलगी नाशिकला बँकेत. तिची रजा संपत आली होती. तिच्या घरी सासू-सासरे, दोन मुलं आणि जागा बेताची. तिनंच मग चौकशी करून पडेगावच्या बाजूचं एक केअर सेंटर शोधून काढलं.

"आई, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "तिथं नर्स असते, कामाला बाया असतात, गेटवर माणूस असतो. मला निदान ऑफिसात मन लावून बसता येईल."

मला तिचा राग आला नाही. घरी येऊन कोण माझं भांडं उचलणार होतं?

दौलताबादकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेला तो एक दुमजली बंगला होता. खाली स्वयंपाकघर, ऑफिस आणि पुरुषांच्या खोल्या. बायका वर. मला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून वर नेलं. नेताना त्यांच्यातला एक जण सहज बोलून गेला की वर गेलेल्या आजी परत खाली येत नाहीत, सगळं वरच मिळतं. तो चांगल्या अर्थानंच म्हणाला होता, पण मी मान वळवून खालचं दार बघून घेतलं.

खोलीत तीन खाटा होत्या. माझी खिडकीला लागून. दाराजवळच्या खाटेवर एक बाई पडून असायची. तिचं अर्धं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. ती कोण, कुठली, हे मला तिथं कुणी नीट सांगू शकलं नाही. ती फक्त बघायची. मी पाणी प्यायले की माझ्याकडं, पंखा फिरला की पंख्याकडं. सुरुवातीला मला त्या बघण्याची भीती वाटायची. मग सवय झाली.

मधल्या खाटेवर देवगाव रंगारीची एक म्हातारी होती. ऐंशीच्या घरातली, काटक, पायानं अगदी धडधाकट. हिरवं नऊवारी नेसायची आणि डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. तिचं सगळं आयुष्य शेतात गेलेलं. दोन्ही मुलं शहरात नोकरीला लागली, नवरा वारला, तशी ती धाकट्याकडं आली आणि शहरात आल्यावर तिचं डोकं हळूहळू मागं-मागं जात राहिलं. घरातून ती दोनदा निघून गेली होती. मुलगा कंपनीत, सून शाळेत. तिला कुलपात कोंडून जायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून तिला इथं आणलं. रविवारी तो यायचा. आईच्या पायाशी बसून तिची नखं कापून द्यायचा. ती त्याला सोयरा समजून "च्या घेतला का?" असं विचारायची.

माझ्यात तिला तिची थोरली जाऊ दिसली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही कवा आल्या?" मी म्हटलं, "आत्ताच." तेव्हापासून मी तिची जाऊबाई आणि ती माझी मावशी.

सकाळी तिथं वर्दळ असे. डॉक्टर चक्कर टाकत, पायाचे व्यायाम करून घेणारी मुलगी येई, कुणाकुणाचे नातेवाईक फळं घेऊन येत. जेवणाची ताटं उचलली की मात्र सगळं ओसरायचं. नर्स घरी जायची, ती संध्याकाळी परत यायची. गेटवरचा माणूस औषधं आणायला जायचा, नाहीतर पाण्याची मोटर बघायला. सगळ्या इमारतीला उरायची एक बाई. ती रात्रपाळी करून परत दिवसालाही थांबलेली असायची. खाली कुणी अंथरूण ओलं केलेलं असे, कुणाला आंघोळ घालायची असे. वर तिची सावलीही पडायची नाही. माझ्या उशाशी घंटीचं बटण होतं. ते मी पहिल्या दिवशी बराच वेळ दाबत राहिले. शेवटी ती चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "ती घंटी बंद हाय, आजी. तुम्ही आवाज देत जा."

दुपारी अशी सामसूम झाली की मावशी उठून बसायची. कान देऊन काहीतरी ऐकायची आणि पाय खाली सोडायची.

"जाऊबाई, गुरं सोडायची येळ झाली. उठा."

पहिल्यांदा मी घाबरून ओरडले, "मावशी, झोपा, इथं गुरं नाहीत." त्यावर ती चिडून दाराबाहेर पडली. त्या दिवशी नेमकी बाई वर येत होती म्हणून जिन्यात सापडली. मग मी शिकले.

"सोडली की," मी म्हणायचे. "गडी घेऊन गेला मघाशी."

"तांबडीला बी नेलं?"

"तिलाही नेलं."

"तिच्या खुरात लागलंय. लंगडतीय ती."

"हळूहळू नेतो म्हणाला."

"मग व्हय," असं म्हणून ती पाय वर घ्यायची. थोड्या वेळानं परत उठायची. मग मी तिला विचारायचे, यंदा बाजरी कशी आहे, मक्याला पाणी दिलं का, नव्या गोठ्यावर पत्रे टाकले का. ती सांगत राहायची. सांगता सांगता तिला झोप लागायची. मला तिच्या शेताचा बांध न् बांध पाठ झाला. ओढा कुठून वळतो, चिंचेखाली कोण जेवायला बसतं, विहिरीच्या कोणत्या बाजूला पायऱ्या आहेत. मी ते शेत कधी पाहिलेलं नाही. मला जागचं हलता येत नव्हतं आणि तिला धरून ठेवायला माझ्याकडं बोलण्याशिवाय काही नव्हतं.

संचालकांना सगळे सर म्हणायचे. पन्नाशीचा, इस्त्रीचे कपडे घालणारा, गोड बोलणारा माणूस. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांना बरंच वाटलं. नव्या नातेवाइकांना खोली दाखवायला आणलं की ते माझ्याकडं हात करून म्हणायचे, "या आमच्या टीचर. त्यांचं सगळ्यांकडं लक्ष असतं." मी एकदा त्यांना थांबवून घेतलं.

"सर, मला उठता येत नाही. या उठून गेल्या तर मी काय करणार? दुपारी वर एक माणूस ठेवा."

"आवाज द्यायचा ना टीचर. आम्ही आहोतच खाली."

"आवाज खाली पोचत नाही."

"बघतो, बघतो. माणसं मिळत नाहीत हो हल्ली."

मुलीलाही मी फोनवर सांगितलं. तिनं त्यांना फोन केला. तिलाही त्यांनी बघतो म्हणूनच सांगितलं.

तो दिवस कडक उन्हाचा होता. जेवणं होऊन गेली होती. खाली पाण्याचा टँकर आला होता आणि त्याची मोटर घरघरत होती. टँकर आत घ्यायला गेट सताड उघडलेलं मला खिडकीतून दिसत होतं. मावशी झोपली आहे असंच मला वाटत होतं. मी डोळे मिटणार तेवढ्यात ती उठून बसली. नेहमीसारखी हळू उठली नाही, दचकून उठली.

"जाऊबाई, पोरगं हिरीकडं गेलं."

गुरांची उत्तरं माझ्याकडं तयार होती. हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"कोणतं पोरगं, मावशी?"

"धाकलं. आत्ता हितं खेळत हुतं."

"ते आत आहे. जेवतंय ते."

तिनं मान कलती केली आणि ऐकलं. "नाय. आवाज आला मला."

"मावशी, त्याला त्याच्या बापानं उचलून घेतलंय. तुम्ही बसा. बसा बरं."

ती उभी राहिली होती. पदर नीट केला. मी खाटेच्या कडेला हात टाकून अर्धवट उठायला गेले तशी पायातून अशी कळ गेली की मी किंचाळले. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत तिला माझा पाय कधी दिसला नव्हता. त्या क्षणी दिसला.

"तुमचा पाय मोडलाय," ती म्हणाली. "तुम्ही बसा जाऊबाई. मीच बघती."

आणि ती गेली. अनवाणी. तिच्या पायांचा जिन्यावर आवाजसुद्धा झाला नाही.

मी ओरडले. बाईला हाक मारली, सरांना मारली, गेटवरच्या माणसाला मारली. स्टीलचा ग्लास घेऊन खाटेच्या दांडीवर आपटत राहिले. टँकरच्या मोटरीच्या आवाजात सगळं विरून जात होतं. तेवढ्यात खोलीतच कुठूनतरी एक आवाज यायला लागला, जनावर अडकल्यावर काढतं तसा. मी बघितलं तर दाराजवळची ती बाई. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, डोळे दाराकडं होते आणि ती घशातून ओरडत होती. आम्ही दोघी मिळून ओरडत होतो.

मग मला मोबाईल आठवला. मुलीनं ऑफिसचा नंबर त्यात घालून दिला होता. मी तो लावला. आमच्या खोलीच्या बरोबर खाली फोन वाजायला लागलेला मला ऐकू आला. फरशीखालून ऐकू येत होता आणि कानाशीही. तो वाजत राहिला. बंद झाला. मी परत लावला. परत तेच. कुणी उचलला नाही.

खिडकीतून मला मावशी दिसली. गेटमधून बाहेर पडताना टँकरच्या चाकाला वळसा घालून गेली. टँकरवाला पाइप धरून पाठमोरा उभा होता. रस्त्यावर ती जराशी थांबली, उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, आणि दौलताबादच्या दिशेनं चालू लागली. म्हातारीसारखी नाही, कामावर निघालेल्या बाईसारखी. बाजूनं गाड्या जात होत्या. एक मोटारसायकल तिच्याजवळ हळू झाली, मला वाटलं थांबतेय, पण ती पुढं गेली. हिरवं नऊवारी लहान होत होत रस्त्याच्या वळणाशी गेलं आणि मग नुसता रस्ता उरला. त्यावरून ऊन हलत होतं.

मी मुलीला फोन लावला. तिनं नाशिकहून सरांच्या मोबाईलवर लावला. ते शहरात कुठं तरी होते. त्यांनी तिला सांगितलं, "कुठं जाणार आहेत, असतील तिथंच. गच्चीवर बघायला सांगतो."

बाई चहाचे कप घेऊन वर आली तेव्हा टँकर निघून गेला होता.

"मधल्या आजी कुठं हायेत?"

"गेल्या," मी म्हटलं. "दौलताबादच्या रस्त्यानं. पळ."

ती ट्रे तिथंच ठेवून पळाली. तिच्या चपला जिन्यात वाजत गेल्या. नंतर गेटवरचा माणूस सायकल घेऊन गेला. संध्याकाळी मावशीचा मुलगा आला, त्याच्या कंपनीतले मित्र आले, गाड्यांवरून इकडं तिकडं शोधत राहिले. खाली मोठमोठ्यानं बोलणं चाललं होतं. आमच्या खोलीत कुणी दिवा लावायलाही आलं नाही. मधल्या खाटेवरची चादर तिनं पाय खाली सोडताना जशी ढकलली होती तशीच होती.

मग सर वर आले. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"टीचर, तुम्हाला दुपारची गोळी असते ना? त्यानं झोप येते."

"येते कधी कधी."

"मग पोलीस आलेच विचारायला, तर झोपले होते म्हणालात तरी चालेल. तुम्हाला उगाच त्रास कशाला? मिळतील त्या. कुणीतरी बसवून ठेवलं असेल."

"सर, मी जागी होते," मी म्हटलं. "तुमचा फोन वाजत होता. मीच करत होते."

ते उठले. खुर्ची परत जागेवर ठेवून गेले.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. रस्त्यापासून आत एका शेतात, विहिरीच्या कठड्याला पाठ लावून बसलेली. जीव गेलेला होता. तिच्या तळपायांची कातडी सोलून निघाली होती, हे मला बाईनं सांगितलं. आदल्या दिवशी सांजेला त्या शेतकऱ्यानं तिला बघितलं होतं. "आजी, हितं का बसलाय?" असं विचारलं, तर ती म्हणाली, "पोरगं येऊ द्या, मग जाते." त्याला वाटलं, शेजारच्या रानात कामाला आलेल्या कुणाची तरी आई असेल. त्यानं तिला पाणी दिलं आणि तो घरी गेला.

हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मधल्या खाटेवर बसायला लागला. मी म्हटलं, "तिथं नका बसू." तो गडबडून उभा राहिला आणि उभ्यानंच त्यानं लिहून घेतलं. मी घंटीचं सांगितलं, फोनचं सांगितलं, गेट उघडं होतं ते सांगितलं. सर दारात उभे राहून ऐकत होते. हवालदारानं वाचून दाखवलं, मी सही केली. पुढं त्या कागदाचं काय झालं ते मला कळलं नाही. ती स्वतःहून उठून गेली, तिला विसरण्याचा आजार होता आणि तो नातेवाइकांना माहीत होता, असंच सगळे म्हणत राहिले. कामावरून काढलं ते त्या बाईला. जाताना ती माझ्याकडं आली, पदरानं डोळे पुसत होती.

"मी खाली एका बाबांना आंघोळ घालीत हुते, आजी. साबण लावलेला माणूस तसाच सोडून कशी येऊ? आवाज आला हुता मला. वाटलं टँकरवाला वरडतोय."

मी तिचा हात हातात घेतला. दुसरं काय करणार होते?

विधी उरकल्यावर मुलगा आईचं गाठोडं न्यायला आला. दोन लुगडी, एक कंगवा, तुळशीची माळ. गाठोडं मांडीवर घेऊन तो माझ्याजवळ बसला. डोक्यावर केस नव्हते.

"ताई, तुम्ही जाग्या होत्या म्हणे."

"हो."

"जाताना काय म्हणली आई?"

खोटं सांगावं का, असं माझ्या मनात आलं. गुरांना बघायला गेली म्हणावं. पण मला ते जमलं नाही. "पोरगं विहिरीकडं गेलं म्हणाल्या. धाकटं."

त्यानं मान वर केली. "धाकटा मीच."

बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते. त्यानं गाठोड्याची गाठ सोडली आणि परत बांधली.

"मला नाय आठवत," तो म्हणाला. "मी लई बारका होतो. आई सांगायची. मी हिरीच्या पायऱ्या उतरून गेलो होतो. पाण्याला हात लावायच्या बेतात होतो. तिनं खुरपं टाकून पळत येऊन धरलं. तळपायात काटे घुसले होते तिच्या. दरवेळी हसत सांगायची."

मला रडू आवरलं नाही. तो रडला नाही. त्यानं विचारलं, "ती दुपारची काय काय बोलायची?" मी सगळं सांगितलं. बांध, ओढा, चिंच, तांबडी. तांबडीचं नाव घेतल्यावर तो जरासा हसला. ती त्याच्या जन्माच्या आधी गेलेली गाय होती. "आम्ही ती जमीन विकली," तो म्हणाला. "तिला सांगितलं नव्हतं." मग त्यानं वाकून मला नमस्कार केला, दाराजवळच्या बाईलाही हात जोडले आणि गेला.

त्यानंतर तिथं सुधारणा झाली ती अशी. एक सुतार आला आणि त्यानं आमच्या दाराला बाहेरून कडी बसवली. जेवणाची ताटं उचलली की नवी बाई दार ओढून घ्यायची आणि कडी सरकवायची. चहाच्या वेळी उघडायची. मधल्या खाटेवर लगेचच दुसरी आजी आली. ती दुपारी उठायची, दाराशी जायची आणि तळहातानं दारावर थापटत राहायची, मधूनच थांबायची, परत थापटायची. मी तिला काहीबाही विचारून बघितलं, घर कुठलं, मुलं किती. तिला माझ्याशी बोलायचंच नव्हतं. दाराजवळच्या बाईचे डोळे त्या हातावर खिळलेले असत. आग लागली तर, असं माझ्या मनात येई. मग पुढचं काही सुचत नसे. एका दुपारी त्या आजीनं थापटणं बंद केलं आणि दारालाच कपाळ टेकून उभी राहिली, तेव्हा मी मुलीला फोन केला.

"मला आज घरी ने."

"आई, अजून पाय..."

"पाय राहू दे. आज ने."

तिनं माझा आवाज ऐकला असावा. संध्याकाळपर्यंत ती आली. घर आवरायला आणि माझ्याजवळ राहायला एक बाई तिनं येतायेताच फोनवर ठरवली होती. मला खुर्चीत बसवलं. दारातून नेताना मी खुर्ची थांबवायला लावली आणि त्या न बोलणाऱ्या बाईचा चांगला हात धरला. तिनं माझी बोटं अशी पकडली की सुटेनात. नर्सनं तिचं एकेक बोट उघडून माझा हात सोडवला. "असं करतात त्या," नर्स म्हणाली.

पाय बरा झाल्यावर, काठी घेऊन चालायला लागल्यावर मी मुलीला म्हटलं, मला पडेगावला जायचंय. तिनं आधी आढेवेढे घेतले, मग गाडी काढली. त्या बंगल्याला रंग दिला होता आणि वरच्या खिडक्यांत मुलांचे कपडे वाळत होते. कुठल्याशा क्लासच्या पोरांचं ते होस्टेल झालं होतं. समोरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, एक दिवस दोन गाड्या आल्या आणि म्हाताऱ्यांना घेऊन गेल्या. कुठं नेलं ते त्याला ठाऊक नव्हतं. सर दुसऱ्या नावानं कुठंतरी परत सुरू करणार आहेत, एवढं त्यानं ऐकलं होतं.

"त्यांच्यात एक बोलता न येणारी बाई होती," मी म्हटलं. "अर्धं अंग लुळं होतं. तिला नेताना बघितलं का तुम्ही?"

त्यानं कपबशी विसळत जरा विचार केला. "न बोलणारी?" तो म्हणाला. "नाय बाई, त्यातल्या कुणालाच बोलताना मी नाय पाहिलं."

परतताना त्या रस्त्यावर म्हाताऱ्यांना ठेवायची अशीच आणखी एक जागा दिसली. मुलीला गाडी थांबवायला सांगितली. तिथल्या बाईनं मला आत जाऊ दिलं. एका खोलीत खाटा ओळीनं होत्या. मी काठी टेकत एकेकीच्या चेहऱ्याजवळ गेले. काही झोपल्या होत्या, काही जाग्या होत्या. शेवटच्या खाटेवरची म्हातारी मला बघून उठून बसली आणि म्हणाली, "आलीस का? चल." मी तिच्याजवळ बसले. जेवलात का, असं विचारलं. मुलीनं बाहेरून हॉर्न वाजवला तरी मला उठता येईना.